१२ ऑक्टोबर ते ३१ मे: बारचार्टला (कामाच्या वेळापत्रकाला) किती दिवस धरायचे?

कुडाळ_साइट:
कुडाळजवळ तळमजला अधिक एक मजला, चिऱ्याचं (जांभा दगडाचं) बांधकाम, स्लॅब आरसीसी. सुरुवात १२ ऑक्टोबर २०२६, पावसाच्या आत म्हणजे ३१ मे २०२७ ला संपवायचंय. एक्सेलमध्ये तारखांची वजाबाकी केली की २३१ येतात, नेटवर्कडेज (कामाचे दिवस मोजणारं फंक्शन) लावलं की १६६, आणि ठेकेदार कॅलेंडरवर मोजून २३२ सांगतो. कुठला आकडा धरू?

मोजपट्टी:
१६६ सोडून द्या. ते फंक्शन शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं, म्हणजे तुमचे ३३ शनिवार फुकट गेले. वजाबाकीत पहिला दिवस मोजला जात नाही, म्हणून २३१ मध्ये १ मिळवायचा. ठेकेदाराचे २३२ बरोबर आहेत. पण ते कॅलेंडरचे दिवस. कामाच्या दिवसांसाठी नेटवर्कडेज.इंटल (सुट्टीचा वार निवडता येणारं फंक्शन) घ्या आणि दोन तारखांनंतर तिसऱ्या जागी ११ टाका (फक्त रविवार सुट्टी). उत्तर १९९. गावात बुधवारी बाजार म्हणून सुट्टी त्या दिवशी देत असाल तर ११ च्या जागी १४.

दिवाळीचे दिवस हाताने वजा करू नका. ७ ते ११ नोव्हेंबर काम बंद ठेवलं तर १९९ मधून ५ काढून १९४ लिहिलं जातं, पण ८ तारखेला रविवार आहे, तो आधीच गेलेला. तारखा वेगळ्या रकान्यात लिहून चौथ्या जागी ती रेंज द्या, १९५ येतील. शिमग्याला पालखी ज्या दिवशी तुमच्या वाडीत येणार तो दिवसही त्यातच टाका. गावागणिक तारीख वेगळी, छापील सुट्ट्यांच्या यादीत सापडणार नाही.

स्लॅबवाला:
एक भर. सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा-टेकू) आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) कामाच्या दिवसांत मोजू नका, काँक्रीटला रविवार नसतो. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांनी काढतात. ६ मीटरपेक्षा मोठ्या बीमला २१. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर याहून जास्त थांबा. ओतण्याचा दिवस शून्य. १४ नोव्हेंबरला ५ मीटर गाळ्याचा स्लॅब ओतला तर टेकू २८ ला, २८ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) १२ डिसेंबरला. हेच १४ दिवस वर्कडे.इंटलने (कामाचे दिवस पुढे मोजून तारीख देणारं फंक्शन, रविवार सुट्टी धरून) काढले तर १ डिसेंबर येतो, प्रत्येक स्लॅबमागे ३ दिवस वाया. एमएस प्रोजेक्टमध्ये (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) लॅग, म्हणजे दोन कामांमधली थांबायची मुदत, '१४ डी' न लिहिता '१४ ईडी' लिहा, म्हणजे सुट्ट्यांसकट सलग दिवस धरले जातात.

कुडाळ_साइट:
इंटल लावलं, १९५ आले. पण ऑफिसच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तारीख टाकून केलं तर १४८ येतात!

मोजपट्टी:
तिथे तारखेची सेटिंग अमेरिकन आहे. १२/१०/२०२६ म्हणजे त्याला १० डिसेंबर; दसरा-दिवाळी आधीच उरकली. सेलचं फॉरमॅट 'नंबर' करून बघा, १२ ऑक्टोबर असेल तर ४६३०७ दिसायला हवं. ३१/०५/२०२७ मात्र तिथे तारीख म्हणून चालतच नाही, डावीकडे चिकटलेला मजकूर राहतो. ती कुणीतरी वेगळी टाकली असणार. डेट फंक्शनमध्ये वर्ष, महिना, दिवस असं लिहा, मग कुठल्याही मशीनवर तेच येईल.

स्लॅबवाला:
आणि ३१ मे ही बाहेरच्या प्लास्टरची शेवटची तारीख धरा, रंगाची नव्हे. रंग पाऊस ओसरल्यावर. पुढच्या टप्प्याचा चिरा मात्र मेमध्येच उतरवून घ्या, पावसात खाणी बंद असतात.