बटण बंद केलं तरी एलईडी मंद जळतोय, बल्ब बदलू की स्विच?

मीच_तो: भाड्याचं घर आहे, भिंत फोडायची नाही, खर्च फार तर एका बल्बाएवढा. पॅसेजमधला जुना ६० वॉटचा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर बटण बंद केल्यावरही मंद उजेड राहतो, मधूनच लुकलुकतो.

गडी_एकटा: बल्बच खराब. स्वस्तातला घेतला असणार. चांगल्या कंपनीचा घ्या.

आजोबांचा_पाना: पूर्ण वायरिंग बदलून घ्या. आम्ही घेतली, एमसीबी, आरसीसीबी सगळं नवीन, वायरमन म्हणाला एवढं नीट काम अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाही.

मीच_तो: भाड्याचं घर आहे हो.

तारतम्य: बल्ब ठीक असेल. बटणात अंधारात दिसणारा बारीक लाल दिवा आहे का? तो निऑन असतो, स्विचला पॅरलल जोडलेला, म्हणजे बटण बंद असलं तरी त्यातून किंचित करंट बल्बकडे जातोच. फिलामेंटचा बल्ब तेवढ्याने पेटत नाही, पण एलईडीच्या आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, हळूहळू चार्ज होतो आणि भरला की चमकतो. दुसरी शक्यता जास्त वाईट, स्विचमध्ये फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रल (परतीची वायर) घातलेली असणे. मग बटण बंद असतानाही होल्डर जिवंत, बल्ब बदलताना शॉक बसेल.

घड्याळवाला: स्मार्ट स्विच लावा, माझा मोबाइलवरून चालतो, झोपल्या झोपल्या लाइट बंद.

तारतम्य: विनान्यूट्रलचा असेल तर तो स्वतः चालायला बल्बमधूनच करंट घेतो. आजार तोच राहणार.

वायरवेडा: एवढं कशाला, बल्ब काढा, बटण बंद ठेवा, होल्डरला टेस्टर लावा. पेटला की स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय, संपला विषय.

तारतम्य: निऑनवाला स्विच असेल तर वायरिंग बरोबर असूनही पेटेल. शेजारून लांबवर फेजची वायर गेली असेल तरी मंद पेटतो.

वायरवेडा: टेस्टरवर आयुष्य गेलं आमचं, आता मल्टिमीटरवाले शिकवणार.

तारतम्य: मल्टिमीटरही नुसतं इंड्यूस्ड व्होल्टेज, म्हणजे शेजारच्या वायरमुळे उगाच दिसणारं, दाखवून फसवतो, म्हणून मी त्याचं नावच काढलं नाही. वायरमनला मेन बंद करून बोर्ड उघडायला सांगा, स्विचला कुठली वायर आलीय ते बघेल. आणि नुसता निऑन निघाला तर तेवढा काढून टाकला की झालं.

गडी_एकटा: मी तर आधीच सांगितलं, बल्ब.

मीच_तो: घरमालकाने वायरमन पाठवला. फेज स्विचमध्येच आहे, लाल दिवा पण आहे. तो काढू म्हणाला, पण रात्री अंधारात बटण त्यावरूनच सापडतं. म्हणून जुना ६० वॉटचाच परत लावला.

घड्याळवाला: आणि लाइट बिल?

मीच_तो: पॅसेजमध्ये बसतं कोण? एलईडी स्वयंपाकघरात टाकला, तिथे एकदम ठणठणीत चालतोय.

गडी_एकटा: काही दिवस चालेल. बल्बच खराब आहे तो.