मदत हवी आहे: पसंतीक्रमात आधी कॉलेज की ब्रँच?

मुलीचा इंजिनिअरिंगचा कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ऑप्शन फॉर्म परवा भरायचाय. सीईटी ९६ पर्सेंटाइल, ओबीसी. उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणजे मुलींसाठीची शिक्षण शुल्क माफी मिळेल. होस्टेल-मेसचा खर्च मात्र आमचाच. आम्ही इस्लामपूरचे.

तिचं मन सांगलीच्या वालचंद कॉलेजमधल्या मेकॅनिकलवर. मामा म्हणतात, पुण्यात कुठल्याही खासगी कॉलेजात कॉम्प्युटर घे. (मामा स्वतः बीकॉम आहेत.) मागच्या वर्षीचे कटऑफ पाहिले, दोन्ही आवाक्यात वाटतात. प्लेसमेंटचे आकडे वाचले, पण त्यात ब्रँच वेगळी दाखवत नाहीत. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ (पक्का) होतो, म्हणून क्रम चुकवायचा नाही.

वालचंदमध्ये मेकॅनिकल शिकलेल्यांनी सांगावं: दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून खरंच मिळते का, आणि कोडिंगच्या कंपन्या मेकॅनिकलच्या मुलांना परीक्षेला बसू देतात का?