चित्रकाराने पीएच. डी. करावी का? कावीकामाच्या निमित्ताने

काव_आणि_चुना (फोंडा)

नमस्कार. मी चित्रकार आहे. पणजीतील आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातून पदवी घेतली, पदव्युत्तर शिक्षण राज्याबाहेर झाले, आणि सध्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात घराच्या पडवीत काम करते. गेली काही वर्षे माझे बहुतेक काम कावीकलेभोवती फिरते आहे. ज्यांनी ती जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर चढवतात आणि तो पुरता सुकण्याआधी टोकदार लोखंडी हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात हे काम आजही पाहता येते. पुष्कळ ठिकाणी मात्र जीर्णोद्धाराच्या वेळी भिंतींवर फरश्या बसल्या किंवा तैलरंग चढला आणि चित्रे गेली ती गेलीच.

मी लाकडी फळ्यांवर चुन्याचे थर देऊन हीच पद्धत माझ्या चित्रांसाठी वापरते. हे करताना असे प्रश्न पडू लागले की, त्यांची उत्तरे मला पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून पीएच. डी.साठी नोंदणी करावी असे मनात आहे. पण दोन गोष्टींची धास्ती वाटते. प्रबंध लिहिण्यात वर्षे गेली तर हाताची सवय मोडेल का? आणि मी केलेल्या फळ्यांना संशोधनात काही स्थान असेल, की त्यांची छायाचित्रे शेवटी परिशिष्टात जातील? ज्यांनी या दोन्ही वाटा एकत्र चालून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भिंतीपलीकडे (म्हापसा)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो योग्य वेळी विचारला गेला आहे, कारण नोंदणी झाल्यावर विषयाची चौकट बदलणे फार कठीण जाते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 साली कला आणि संशोधन यांच्या नात्याचे तीन प्रकार मांडले: कलेविषयीचे संशोधन, कलेच्या माध्यमातून केलेले संशोधन आणि कलाकृतीसाठी केलेले संशोधन. आपल्या बाबतीत ते सहज वेगळे करता येतात. देवळांतील कावीचित्रांचा काळ, आश्रयदाते आणि विषय शोधणे हा पहिला प्रकार झाला, आणि तो इतिहासाचा अभ्यासकही करू शकतो. चित्रात वापरण्यासाठी नक्ष्या टिपून आणणे हा तिसरा. तो प्रत्येक चित्रकार करतच असतो, पण त्यातून इतरांना तपासता येईल असे ज्ञान हाती लागेलच असे नाही. मधला प्रकार आपला आहे. चुन्याचा थर किती ओला असताना रेघ स्वच्छ सुटते आणि किती सुकल्यावर कडा तुटतात, हे हात चालवल्याशिवाय कळणार नाही, आणि ज्याला ते कळले आहे तो भिंतीवरील जुन्या रेषेकडे पाहून कारागिराची घाई, त्याचा क्रम, त्याने टाळलेल्या गोष्टी वाचू शकतो. आपल्या फळ्या परिशिष्टात जातील की प्रबंधाच्या गाभ्यात राहतील, हे आपण यांपैकी कोणता प्रश्न घेता यावर ठरेल.

अभ्यासाने हाताची सवय मोडते ही भीती मला रास्त वाटत नाही. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत, जी 1950 साली सुरू झाली, चित्र काढणारे आणि कलेतिहास शिकवणारे एकाच आवारात वावरत, आणि चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी तर तिथे आधी कलेतिहास आणि नंतर चित्रकला असे दोन्ही विषय शिकवले. त्यांच्या मप्पामुंडी या चित्रमालिकेचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेराव्या शतकातील, जर्मनीतल्या एब्सटोर्फचा जगाचा नकाशा 1943 च्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरमध्ये नष्ट झाला. त्याच्या प्रतिमेचे एक पोस्टकार्ड हाती आल्यावर शेख यांनी त्या जुन्या नकाशाच्या रचनेत आपले जग पुन्हा भरायला घेतले. नकाशा हा काय प्रकार आहे, त्यात देव, शहर आणि माणूस यांना कुठे जागा मिळते, हा अभ्यासकाचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर त्यांनी लेखातून न देता चित्रातून दिले. अशा माणसाच्या दिवसात कोणता वेळ अभ्यासाचा आणि कोणता चित्राचा, हे वेगळे काढणेच अवघड आहे.

आल्तिनो_ते_मडगाव (मडगाव)

वरील प्रतिसाद मला पटतो, तरी एक वेगळी बाजू मांडणे आवश्यक वाटते. संशोधन आणि पदवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुद्राचित्रकार (ठशांवरून छापून चित्रे करणारे) ज्योती भट्ट यांनी 1967 पासून खेड्यापाड्यांतील भिंतीचित्रे आणि रांगोळ्या यांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली, आणि आज त्यांतील कितीतरी कामे केवळ त्यांच्या छायाचित्रांतच उरली आहेत. त्यासाठी त्यांना प्रबंधाची गरज पडली नाही.

आपल्याकडचेच पाहायचे तर अँजेलो द फोन्सेका (1902 ते 1967) या सांतईस्तेवच्या चित्रकाराची कामे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या माणसाने मेरीला साडी नेसवली, आणि त्यावरून त्याच्यावर टीका झाली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या जलरंगातील थर कोणत्या क्रमाने दिले, कागद कुठे कोरा ठेवला, हे चित्रकारानेच जवळ उभे राहून पाहिले पाहिजे. ते पाहायला नोंदणी क्रमांक लागत नाही. महाविद्यालयात अध्यापनाची जागा हवी असेल तर पीएच. डी. अवश्य करावी, केवळ प्रश्न पडले आहेत म्हणून असेल तर आधी वर्षभर स्वतःच्या शिस्तीने अभ्यास करून पाहावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ओली_भिंत (डिचोली)

मी नोकरी सांभाळून दृश्यकलेतच पीएच. डी. पूर्ण केली आहे, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार या पदवीला किमान 3 वर्षे लागतात, साधारण कमाल मर्यादा 6 वर्षांची आहे, आणि नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ नोंदणीची मुभा आहे; मात्र त्यासाठी आपल्या संस्थेचे ना हरकत पत्र लागते. ते आधी हातात घ्यावे. विद्यापीठाला लेखी विचारावे की प्रदर्शन प्रबंधाचा भाग म्हणून धरले जाईल का, आणि परीक्षकांत काम करणारा कलावंत असेल का. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. प्रत्येक फळीच्या पाठीवर तारीख, चुना भिजत ठेवल्याचा काळ, वाळूचे आणि कावेचे प्रमाण, त्या दिवशीची हवा कशी होती, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि त्याच नोंदी वहीत उतरवाव्यात. जूनमध्ये दिलेला थर आणि जानेवारीतला थर यांत केवढा फरक पडतो हे आपण जाणताच. देवळातील भिंतीचे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उजेडात घ्यावे. समोरून दिवा टाकला तर केवळ तांबडे-पांढरे दिसते, खरवडीची खोली दिसत नाही. आणि कावी हाताळलेली नसली तरी चालेल, पण निदान एकदा भिंतीपाशी येऊन उभा राहील असाच मार्गदर्शक निवडावा. माझे पहिले वर्ष हे न पाहिल्यामुळेच फार जड गेले.

काव_आणि_चुना (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. पदवी आणि संशोधन वेगळे करून पाहण्याचा मुद्दा मी गांभीर्याने घेतला आहे, तरीही नोंदणी करावी याच मताची मी आहे, कारण माझ्या नोंदी कुणीतरी परखडपणे तपासाव्यात अशी माझी इच्छा आहे आणि ते घरच्या पडवीत घडत नाही. विषय मात्र आता आवळून घेते: थर ओला राहण्याच्या अवधीने कावीतील नक्षीचे आकार आणि त्यांचा क्रम कसा ठरला असावा, एवढाच. पावसाआधी वेगवेगळ्या प्रमाणांच्या फळ्यांचा एक संच करून तो आराखड्यासोबत सादर करीन.

पेडणे किंवा डिचोली भागात शिंपल्यांच्या चुन्यात काम केलेले एखादे जुने गवंडी आपल्या माहितीत असल्यास कृपया त्यांना विचारून मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. त्यांच्या सोयीच्या दिवशी मी जाऊन भेटेन.