मदत हवी आहे : वय २३, एक क्लेम, एक नाकारलेला क्लेम, पॉलिसी संपलेली. स्वस्त कार विमा कुठे मिळेल?

कंदी_पेढा

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणी नीट सल्ला देणार नाही.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीला हिंजवडीत. मामाची २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट (११९७ सीसी, एमएच-११ पासिंग) गेलं वर्षभर माझ्याकडे आहे. जानेवारीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला बंपर घासला. तेव्हा गाडी मामाच्याच नावावर होती. त्याच्या पॉलिसीवर क्लेम केला. बिल ९,२०० झालं, हातात साधारण ४,७०० आले.

जूनमध्ये मामानं नवीन गाडी घेतली आणि ही रीतसर माझ्या नावावर केली. आरसी आली, पेढे वाटले. ऑगस्टमध्ये पावसात कात्रजला पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला आणि मी मागून गेले. चूक माझीच. टेम्पोला ओरखडासुद्धा नाही, माझं बॉनेट, हेडलाइट, रेडिएटर सगळं गेलं. क्लेम नाकारला! कारण काय, तर आरसी माझ्या नावावर आणि पॉलिसी मामाच्या. ३८,००० खिशातून गेले. त्या रागात २ ऑक्टोबरला पॉलिसी संपली तेव्हा मी ती भरलीच नाही. मग गेल्या महिन्यात शिरवळजवळ अडवलं आणि २,००० चं चलान.

आता नवीन पॉलिसीचा कोट आलाय २१,२२९ रुपये. एजंट म्हणतो, "मॅडम, ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट) दाखवून टाकतो, १५,६८३ मध्ये बसवतो, कोण बघतंय." बाबा म्हणतात, गाडी विक आणि एसटीनं ये.

माझे प्रश्न असे. माझं वय कमी आणि रेकॉर्ड खराब म्हणून रेट जास्त लावलाय का? गाडी बाबांच्या नावावर केली तर स्वस्त पडेल का? आणि एजंटचं ऐकू का?

घाटावरचा

पॉलिसी संपून ९० दिवस व्हायच्या आत घ्या हो, नाहीतर एनसीबी जाईल. धावपळ करा.

झेलमची_आई

@घाटावरचा, त्यांच्याकडे एनसीबी आहेच कुठे जायला?

स्लाऊकर

वयाचं म्हणाल तर तुम्ही भारतात आहात म्हणून सुटलात. माझा भाचा इथे इंग्लंडमध्ये २१ व्या वर्षी टेस्ट पास झाला आणि पहिला कोट बघून आठवडाभर बसनं गेला. इथे वय, पोस्टकोड, गाडी १ ते ५० पैकी कुठल्या गटात मोडते, हे सगळं धरतात. पोरांच्या गाडीत ब्लॅक बॉक्स बसवतात आणि कसा ब्रेक मारतोस, रात्री किती फिरतोस, ते मोजतात. त्यानं सुचवलं की मुख्य चालक म्हणून आईचं नाव घालू. त्याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि तो सरळसरळ फसवणुकीचा प्रकार आहे. शेवटी छोटं इंजिन, ब्लॅक बॉक्स आणि आई खरोखरच कधीमधी चालवते म्हणून दुसरी चालक, असं केलं. विनाविमा सापडला असता तर लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट, आणि नव्या चालकाचं लायसन्स ६ पॉइंटांवर पहिल्या दोन वर्षांत रद्द होतं.

तुमच्या प्रश्नाला याचा उपयोग शून्य, पण वाचून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

निवृत्त_सर्वेयर

तीस वर्षं अपघाताच्या गाड्या तपासल्या, म्हणून लिहितोय. वयानं लेकीसारखी आहेस, एकेरी चालवून घे.

तुझ्या वयाचा या कोटशी फारसा संबंध नाही. आपल्याकडे विमा मुख्यतः गाडीचा बघतात. परवाना असलेला कुणीही तुझ्या परवानगीनं ती चालवू शकतो, मग तेवीस वर्षांची पोरगी असो की साठीचे बाबा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६. तुझ्या कोटमध्ये हाच आकडा दिसेल. तिथे घासाघीस नाही, कुठल्याही कंपनीत जा.

खेळ आहे तो ओडीचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. २००७ पासून तो भाग कंपन्यांना मोकळा झाला. एकाच गाडीला एक कंपनी निम्म्यानं सूट देते, दुसरी दहा टक्केही देत नाही. म्हणून एका एजंटच्या एका कोटवर रडू नकोस.

आता तुझ्या दोन क्लेमचं. ऑगस्टचा जो नाकारला, त्यात कंपनीशी भांडून फार हाती लागणार नाही. गाडी विकली गेली की थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जातं. ओडीचं जात नाही. त्यासाठी नव्या मालकानं १४ दिवसांत कंपनीला लेखी कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच हे स्पष्ट केलंय. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले की सगळं झालं असं लोकांना वाटतं. निम्मी सेकंडहँड गिऱ्हाइकं इथेच पडतात. आरटीओत कुणी सांगत नाही, गाडी विकणारा तर नाहीच नाही.

आणि जानेवारीचा बंपर. माझ्या मते तो क्लेम करायलाच नको होता. बंपर प्लास्टिकचा. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरळ ५० टक्के घसारा कापतात. वर सक्तीचे १,००० तुझ्याकडचे. म्हणून ९,२०० चे ४,७०० झाले. त्या बदल्यात मामाचा ५० टक्के नो क्लेम बोनस शून्यावर आला. क्लेम न करता पाच वर्षं काढली की २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि एका खांबानं खाली येतो.

आता एजंट. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. मामाचा ५० टक्के तुझ्याकडे येऊच शकत नव्हता, बंपर अखंड राहिला असता तरी. म्हणजे एजंट जो बोनस दाखवतोय तो तुझाही नाही आणि आता मामाचाही नाही. क्लेम आला की पहिलं काम म्हणजे मागच्या कंपनीकडून खात्री करून घेणं. मीच अशी पत्रं पाठवलीत. खोटं निघालं की क्लेम अडतो, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

कंदी_पेढा

@निवृत्त_सर्वेयर, मनापासून आभार काका. एनसीबी माणसाचा असतो हे मला आज कळलं. म्हणजे मामा जूनमध्ये नवीन गाडीला तो ५० टक्के लावू शकला असता?

निवृत्त_सर्वेयर

हो. जानेवारीत क्लेम नसता तर जुन्या कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीच्या ओडीवर निम्मी सूट. ते पत्र तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओडी मोठा असतो, त्यामुळे नुकसान तुझ्या ४,७०० पेक्षा जास्तच झालं असणार.

कंदी_पेढा

अरे देवा. तो एका शब्दानं बोलला नाही.

झेलमची_आई

मामा आहे तो. 😊

बाबांच्या नावावर करण्याबद्दल : बाबांनी अलीकडे एखादी गाडी विकली असेल आणि त्यांचा एनसीबी शिल्लक असेल तरच विचार करा. तसं नसेल तर पुन्हा आरटीओ, पुन्हा नावबदल, फायदा काही नाही. दुचाकीचा एनसीबी कारला चालत नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे एकांनी दुकानात तासभर वाद घातला होता.

घाटावरचा

माझा अनुभव, बरोबर चूक काका सांगतील. माझी गाडी पाच वर्षांवर गेली तेव्हा प्रत्येक साइटवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, वेगळी दिसायची. ३ लाख ६० हजार, ४ लाख ५० हजार, काहीही. मी सगळ्यात स्वस्त कोट घेतला आणि नंतर कळलं की आयडीव्हीच खाली पाडली होती.

निवृत्त_सर्वेयर

बरोबर. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालकानं ठरवायची असते. एकच आयडीव्ही धरून कोट मागव, नाहीतर आंबे आणि वांगी एका तराजूत तोलल्यासारखं होईल. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी टोटल लॉस, आणि हातात पडते ती आयडीव्हीच. हजारभर वाचवायला ती फार खाली नेऊ नकोस.

पोरी, अजून दोन गोष्टी. व्हॉलंटरी डिडक्टिबल घेऊन प्रीमियम कमी करायला कुणी सांगेल. म्हणजे दर क्लेमला ठरलेली रक्कम आपण भरायची. सावकाश चालवणाऱ्याला ठीक आहे. तू वर्षात दोनदा ठोकलीस, तुला नको. त्यापेक्षा झीरो डेप घे. तो वर्षात बहुतेक दोनदाच वापरता येतो, हेही वाचून घे. इंजिन प्रोटेक्ट वगैरे गाडी पाण्यात उभी राहत असेल तर.

पावसापाण्यापेक्षा मला काळजी दुसरीच आहे. ऑक्टोबरपासून गाडी हलवलीस का?

कंदी_पेढा

दोनदा. साताऱ्याला. त्यातच चलान मिळालं.

निवृत्त_सर्वेयर

२,००० म्हणजे काहीच नाही. खंबाटकीत एखाद्या दुचाकीवाल्याला लागलं असतं तर न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई तुझ्या पगारातून, बाबांच्या घरातून गेली असती. माणसाच्या इजेला पॉलिसीत थर्ड पार्टीची रक्कम अमर्याद असते ती उगाच नाही. पॉलिसी हातात येईपर्यंत किल्ली मैत्रिणीकडे दे.

झेलमची_आई

कंदी_पेढा, तुम्ही वर्षात किती किलोमीटर चालवता? माझी ५,००० सुद्धा होत नाही, मी किलोमीटरवरची पॉलिसी घेतली. २०२२ पासून कंपन्यांना अशा देता येतात. जितकं चालवाल तेवढा ओडी. फक्त ठरलेले किलोमीटर संपत आले की आधी टॉपअप करायचा, नाहीतर ऐन क्लेमच्या वेळी वांधे.

कंदी_पेढा

महिन्यातून दोनदा सातारा, येऊन-जाऊन साधारण २२० किलोमीटर. ऑफिसला कंपनीची बस. वर्षाला सहा हजारांच्या आसपास.

स्लाऊकर

हा तर आमचा ब्लॅक बॉक्सच झाला, फक्त जरा भोळा.

कंदी_पेढा

अपडेट. चार ठिकाणी ४ लाख १० हजार आयडीव्ही धरून कोट मागवले. एजंटला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, पश्चात्ताप होईल. कुणाला?

शेवटी किलोमीटरवाली घेतली, ७,५०० ची. एनसीबी शून्य, खराखुरा. ओडी ५,३००, झीरो डेप २,६००, थर्ड पार्टी ३,४१६, मालकाचा अपघात विमा ३७५, वर १८ टक्के जीएसटी. एकूण १३,७९५. म्हणजे एजंटच्या खोट्या कोटपेक्षाही जवळपास १,९०० कमी! इंजिन प्रोटेक्ट सोडला, गाडी दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगला असते. अपघात विमा ठेवला, कारण माझी स्वतःची १५ लाखांची वेगळी पॉलिसी नाही.

पॉलिसी संपलेली असल्यामुळे इन्स्पेक्शन लागलं. माणूस कुणी आला नाही, ॲपवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा होता. काच, नंबर, ओडोमीटर. वॉचमनकाका मागे उभं राहून सूचना देत होते, त्यामुळे तीनदा काढावा लागला.

मामाला फोन केला. त्याला जूनमध्येच कळलं होतं, शोरूममध्ये. म्हणाला, तुझ्या मामीला मात्र सांगू नकोस.

एकच शंका राहिली. मागच्या डाव्या दरवाज्यावर जुना डेंट आहे, तो व्हिडिओत दिसला आणि पॉलिसीत आधीचं नुकसान म्हणून नोंदला गेला. तो मी आता स्वखर्चानं काढून घेतला तर पुढे तिथे लागल्यावर कटकट होईल का?

निवृत्त_सर्वेयर

होऊ शकते. काम झालं की गॅरेजचं बिल आणि दरवाज्याचे फोटो कंपनीला ईमेल कर, आणि ती नोंद काढल्याचं लेखी मागून घे. नुसतं फोनवर सांगून थांबू नकोस. आणि तीच पार्किंग असेल तर त्या खांबाला रबर लावून घे.