घुसले, शिरले की वाहवत गेले? एका मथळ्यावरून शब्दचर्चा

दांडिया बाजार, बडोदा

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली दहा-बारा मुलं माझ्याकडे मराठी लिहायला शिकायला येतात. शाळा गुजराती किंवा इंग्रजी, घरात मराठी, त्यामुळे बोलतात छान आणि लिहायला बसली की अडतात. गेल्या आठवड्यात त्यांना गुजराती वर्तमानपत्राचं एक कात्रण मराठीत लिहायला दिलं. बातमी बडोदेकरांच्या ओळखीची आहे. पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले सौराष्ट्राचे मच्छीमार वाघा-अटारीला आपल्या ताब्यात मिळतात, अमृतसरहून रेल्वेने आपल्या स्टेशनवर उतरतात आणि इथून बसने वेरावळला जातात. २०२३च्या उन्हाळ्यात अशा तुकड्या आल्या होत्या, तेव्हाचं ते कात्रण.

सातवीतल्या एका मुलीने मथळा लिहिला, 'पाकिस्तानात घुसलेले मच्छीमार सुटले'. मी 'घुसलेले'खाली रेघ ओढली आणि वर दुसरा शब्द लिहायला गेले, तर सुचेना. 'शिरलेले' लिहू? 'गेलेले'? 'गेलेले' म्हटलं तर सहलीला गेल्यासारखं वाटतं. पुढे तिने एकाच परिच्छेदात हद्द, सीमा आणि सरहद्द असे तिन्ही शब्द वापरलेत. त्यांत फरक करावा का?

अशी एक तुकडी उतरली तेव्हा मी सुरतहून येऊन त्याच फलाटावर होते. एका माणसाच्या हातातल्या पिशवीत मण्यांची विणलेली लहान मुलीची पर्स होती आणि तो ती पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता. त्याच्यासाठी 'घुसलेला' हा शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही.

रावपुरा

बाई, रेघ योग्य ठिकाणी ओढलीत. घुसण्यात जोर असतो आणि समोरच्याची इच्छा नसते. माणूस रांगेत घुसतो, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसतो. शिरणं त्यापेक्षा हळू. विश्वामित्रीचं पाणी घरात कसं शिरतं ते आपण पाहिलंय, बघता बघता उंबऱ्याच्या आत आलेलं असतं. मच्छीमारांच्या बाबतीत दोन्ही चालणार नाहीत, कारण शिरायला समोर आत-बाहेर असं काहीतरी दिसावं लागतं. समुद्रात ते नसतं.

'घुसखोर' तर अजिबात नको. त्यातला 'खोर' फारसी 'खुर्दन'चा, म्हणजे खाण्याचा. लाच खाणारा तो लाचखोर. पुढे मराठीत हा प्रत्यय सवयीचा झाला: भांडखोर, चहाडखोर, दंगेखोर. एकदा भांडला म्हणून कोणी भांडखोर होत नाही, आणि एकदा रेषेपलीकडे गेलेल्याला घुसखोर म्हटलं की आपण त्याच्या स्वभावावरच शिक्का मारतो.

शिवाय ती रेषा तरी कुठे ठरली आहे? कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या सुमारे ९६ किलोमीटरच्या खाडीत सीमा पूर्वेच्या काठावरून धरायची की प्रवाहाच्या मधून, हा वाद १९१४च्या मुंबई सरकारच्या ठरावाच्या आणि नकाशाच्या अर्थावरून आजही चालू आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. खाडीतली रेषा ठरली नाही म्हणून तिच्यापुढची समुद्रातली रेषाही ठरली नाही.

दांडिया बाजार

काका, पटलं. मग मी मुलीला अशी वाक्यरचना सुचवू का? आपल्याकडे 'मी कप फोडला' आणि 'माझ्याकडून कप फुटला' यांत केवढं अंतर आहे! मूल पहिलं वाक्य कधी बोलत नाही. तसं 'त्यांनी सीमा ओलांडली' ऐवजी 'त्यांच्याकडून सीमा ओलांडली गेली'. हेतू नव्हता हे क्रियापदानेच सांगितलं, वेगळं विशेषण लागत नाही.

कारेलीबाग

बाईंची रचना सुंदर आहे, पण मी वेरावळला बारा वर्षं नोकरी केली आहे, म्हणून थोडं सांगतो. सगळ्यांचं 'च्याकडून' नसतं. किनाऱ्याजवळ मासळी कमी झाली आणि खाडीच्या तोंडाशी चांगली मिळते, हे बंदरावर सगळ्यांना माहीत असतं. काही बोटी जाणूनबुजून जातात, काही रात्री जाळं टाकून झोपल्यावर वाहवत जातात. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. बोट मालकाची, सुकाणू तांडेलाच्या हातात आणि पकडले जातात सगळे खलाशी. हे खलाशी बहुतेक हंगामापुरते मजुरीला आलेले असतात. त्यांनी सीमा ओलांडलीही नाही आणि त्यांच्याकडून ओलांडली गेलीही नाही. ते बोटीत होते.

एकाच बोटीसाठी मी दोन वाक्यं करेन. तांडेलाने बोट नेली, किंवा त्याच्याकडून ती भरकटली. खलाशी पकडले गेले. बातमीचा कर्ता खलाशी असेल तर ओलांडण्याचं क्रियापदच गाळावं.

आणि वर्तमानपत्रं 'अचानक सुटका' लिहितात, तेही बघा. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते. वेरावळ-कोडीनारच्या घरांतून या दोन तारखा सणासारख्या लक्षात ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी सुटका कधीच अचानक नसते.

निजामपुरा

हद्द, सीमा, सरहद्दीकडे वळतो. हद्द अरबी. कोणाच्या तरी अधिकाराची असते: पोलीस ठाण्याची हद्द, नगरपालिकेची हद्द, आणि म्हणून हद्दपार. सरहद्द तिचंच टोक, 'सर' म्हणजे डोकं. मराठीत सरहद्द म्हटलं की फौज डोळ्यांसमोर येते. सीमा संस्कृत, आणि आज ती नकाशावरची रेघ झाली आहे.

पण सीमेचं घरातलं रूप शीव, ती रेघ नव्हती. शिवेवर देव असतो, चिंचेचं झाड असतं, दसऱ्याला आपण सीमोल्लंघनाला म्हणजे शिलंगणाला तिथवर चालत जातो. शिवेला रुंदी आहे. गुजरातीत तर हे अजून स्पष्ट दिसतं. गावाभोवतीच्या सगळ्या शेतजमिनीलाच 'सीम' म्हणतात, बायका 'सीममां' कामाला जातात. आपलं शिवार तेच.

हे सांगण्याचं कारण, मी बँकेच्या नोकरीत चार वर्षं उत्तर बंगालमध्ये दिनहाट्याला काढली. तिथे सीमेला खरोखर रुंदी आहे. भारत-बांगलादेश समझोत्यानुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून तारेचं कुंपण बऱ्याच ठिकाणी तेवढं आत आहे. मधल्या पट्ट्यात आपल्याच लोकांची शेतं आहेत, कुठे कुठे घरंही. शेतकरी ओळखपत्र दाखवून फाटकातून जातो आणि ठरल्या वेळी परत येतो. फाटक बंद व्हायच्या आत बैल, औत, जेवणाचा डबा, सगळं अलीकडे. पंजाबात हेच आहे आणि तिथे कुंपणापलीकडे उंच वाढणारी पिकं घ्यायला मनाई असते. ही माणसं सीमेवर राहत नाहीत, सीमेत राहतात. मराठीत 'शिवेत राहतात' म्हणता येतं, 'सीमारेषेत राहतात' म्हणता येत नाही. मुलीला तिन्ही शब्द ठेवू द्या, चौथा शीव शिकवा.

तिथला 'छिटमहल' हा शब्दही आपल्यासाठी परका नाही. महल म्हणजे आपल्या पंचमहालातला महाल, आणि छिट म्हणजे तुकडा. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचे तुकडे. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे ज्याच्या पोटात होते त्याचे झाले, आणि ५० हजारांहून अधिक लोकांचा पत्ता घर न हलवता निश्चित झाला. त्याआधी कित्येकांनी मुलांना शाळेत घालताना शेजारच्या गावातल्या ओळखीच्याचं नाव बाप म्हणून लावलं होतं. अशा माणसाला स्थलांतरित म्हणायचं का? तो कुठे गेलाच नव्हता.

मांडवी

आपलं बडोदा संस्थानही तुकड्यातुकड्यांचंच होतं. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली, प्रत्येक प्रांताच्या मध्ये दुसऱ्याची हद्द. आजोबा नवसारी प्रांतात कारकून होते. त्यांच्याकडून मी 'हिजरत' हा शब्द ऐकला. १९३०मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा द्यायचा नाही म्हणून घरं-शेतं सोडली आणि जप्तीतून वाचण्यासाठी इंग्रज हद्द ओलांडून बडोद्याच्या हद्दीत येऊन राहिले. काहींना मांडवात बसून स्वतःचं गाव दिसत होतं. गुजराती त्याला हिजरत म्हणतात, ठरवून केलेलं सोडून जाणं. आपण 'स्थलांतर' लिहितो, आणि त्या शब्दात ना राग आहे ना निर्धार. टेबल हलवलं तरी स्थलांतर आणि गाव सोडलं तरी स्थलांतर. जुन्या मराठी कागदांत 'रयत परागंदा झाली' असं असतं. तो शब्द निदान पांगल्याचं दुःख तरी सांगतो.

वारसियाजवळून

आमच्या शेजारचे किराणावाले दादा सिंधी आहेत. वडील फाळणीनंतर आले. वारसियात तेव्हा छावणी होती. मी एकदा बोलता बोलता 'तुम्ही निर्वासित' असं म्हणून गेले, तर ते शांतपणे म्हणाले, 'बाबा स्वतःला पुरुषार्थी म्हणायचे.' मला फार लाज वाटली. घरी आल्यावर शब्द मांडून बसले. मराठीत निर्वासित, म्हणजे ज्याला वसतीतून काढलं तो. गुजरातीत निराश्रित, आसरा नसलेला. हिंदीत शरणार्थी, आसरा मागणारा. बंगालीत उद्वास्तु, ज्याची वास्तू उपटली गेली. माणूस एकच. मराठी आणि बंगाली त्याच्यावर काय ओढवलं ते सांगतात, गुजराती त्याच्याकडे काय नाही ते, आणि हिंदी त्याचा पसरलेला हात दाखवते. पुरुषार्थी हा एकच शब्द असा, जो त्याने स्वतः निवडला.

दादांना विचारलं, तुमच्या घरात काय म्हणायचे? 'लडपलाण,' ते म्हणाले. सामान बांधून निघणं. मला लगेच आपलं पालाण आठवलं, जनावराच्या पाठीवरचं खोगीर. या शब्दात कोणी काढलं, कोणाकडे गेलो, काहीच नाही. फक्त लादलेलं जनावर आणि वाट. त्यांच्या आजीच्या सांगण्यात तेवढंच असायचं म्हणे.

आपल्यालाही नाव ठेवलेलंच आहे. इतक्या पिढ्या झाल्या तरी माझ्या सासूबाईंना शेजारच्या पटेलकाकी 'दक्षिणी' म्हणायच्या. प्रेमाने म्हणायच्या, पण म्हणायच्या.

दांडिया बाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात हे सगळं मुलांना वाचून दाखवलं, छिटमहल दोनदा वाचावं लागलं. मुलीने कारेलीबागच्या काकांचं ऐकलं आणि मथळा बदलला, 'पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले खलाशी बडोद्यात उतरले'. ओलांडण्याचं क्रियापद खाली गेलं, आणि तिथे तिने स्वतःहून 'बोट भरकटली' असं लिहिलं. 'मच्छीमार' खोडून 'खलाशी' का केलंस विचारलं, तर म्हणाली, बोट त्यांची नव्हती ना.

मग तिनेच विचारलं, बोट कुठे आहे? मी सांगितलं, तिकडेच, बहुतेक बोटी परत मिळत नाहीत. 'मग ती सुटली नाही. तिला काय लिहू?' 'अडकलेली' की 'जप्त', यावर वर्गात बराच वेळ गेला. 'जप्त' म्हटलं की काम संपल्यासारखं वाटतं, असं एका मुलाचं म्हणणं पडलं. वहीत सध्या 'तिकडे राहिलेली' आहे. यापेक्षा नेमका शब्द कोणाला ठाऊक असेल तर पुढच्या रविवारच्या आत कळवा.