मोबाईलने डोकी बिघडवली? मग १९९५ साली कोणी बिघडवली होती?

रामबागकर: काल लोकमान्यनगरकरांनी इथे लिहिलं, 'मोबाईल आल्यापासून लोकांनी विचार करणं सोडलं. आमच्या वेळी आपल्या इंदूरच्या 'नईदुनिया' पेपरात छापून आलं म्हणजे खरंच असायचं.' वाचून माझा चहा निवला. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का? गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा. मोबाईल कुणाकडे होता? लँडलाईन आणि शेजारीण, एवढ्यावर काम झालं. माझी आई केमिस्ट्री शिकवायची, तीही चमचा घेऊन गेली. परत येऊन आम्हाला पृष्ठताण समजावला आणि वर म्हणाली, 'पण प्यायला हो!'

लोकमान्यनगरकर: ती अफवा दोन दिवसांत विरली. आताची रोज सकाळी गुलाबाच्या फोटोसकट येते. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू विसरलात? घरात बसून थाळी वाजवायची होती, तर संध्याकाळी राजवाड्यावर गर्दी! आवाजाने विषाणू मरतो, हे कुठल्या पेपरात छापलं होतं?

पागनीसपागा: माध्यमाची ताकद बघायची तर कचरागाडीचं गाणं ऐका. आमचे सासरे जन्मभर पोह्यांचा कागद स्कूटरवरून भिरकावत आले. आता शेवेची रिकामी पुडी खिशात घालून घरी आणतात. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर उगाच नाही.

सुदामानगरची सून: गाण्याने? चालानने हो! आणि गाडी रोज दारात येते म्हणून. रस्त्यावरच्या पेट्याच उचलल्या, टाकणार कुठे? ओला-सुका एकत्र दिला म्हणून गाडीवाल्याने गल्लीसमोर माझा डबा परत केला. त्या लाजेने शिकले, गाण्याने नाही.

पागनीसपागा: आणि लाज कुठून आली? वीस वर्षांपूर्वी वाटली असती का? 'आपलं इंदूर नंबर वन' रोज कानावर पडून पडूनच ना!

सुदामानगरची सून: …बरं, चार आणे तुमचे. बारा आणे चालानचे.

लोकमान्यनगरकर: विषय काय, तुम्ही कचऱ्यात काय शिरलात! माझा नातू कार्टून बघून 'आजोबा, मैं नहीं खाऊँगा' म्हणतो, त्याचं बोला.

रामबागकर: कार्टूनला कशाला बोल? तुम्ही स्वतः मागच्या गणेशोत्सवात माईकवरून 'कार्यक्रम सुरू होऊन राहिला आहे' म्हणालात.

लोकमान्यनगरकर: ती आपली इंदुरी मराठी आहे! पुण्याचं सर्टिफिकेट नको.

रामबागकर: मान्य. पण १९९५ चं उत्तर राहिलंच.

लोकमान्यनगरकर: होतो रांगेत. पाव लिटरच नेलं होतं.

सुदामानगरची सून: मग प्यायला का, काका?

लोकमान्यनगरकर: नंबर येईपर्यंत अर्धं सांडलं.