‘फॉइल’ला मराठीत काय म्हणावे: वर्ख, बेगड की पत्रा?

‘ॲल्युमिनियम फॉइल’साठी ‘वर्ख’ वापरावा, ही सूचना ऐकायला गोड असली तरी मला पटत नाही, कारण वर्ख कुटून करतात आणि फॉइल लाटून. वर्ख मिठाईवरून फुंकरीनेही उडतो. फॉइलला मात्र घडी धरून ठेवण्याइतका चिवटपणा लागतो.

‘बेगड’ अर्थाने अधिक जवळचा आहे, कारण सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या कथलाच्या चकचकीत, पातळ पत्र्याला बेगड म्हणत आले आहेत. परंतु ‘बेगडी’ या विशेषणाने तो शब्द असा नासवला आहे, की औषधाच्या वेष्टनासंदर्भात तो छापण्याचे धाडस कोणी करू नये.

‘पत्रा’ची हद्द प्रक्रियेवरूनच कळते. ॲल्युमिनियमची जाड लादी सुमारे 500 अंश सेल्सियसपर्यंत तापवून रुळांमधून पुन्हा पुन्हा काढतात. ती काही मिलिमीटरवर आली की पुढचे लाटण थंड अवस्थेत होते. त्यात धातू ताठर होत जातो, म्हणून गरजेप्रमाणे भट्टीत तापवून तो नरम करावा लागतो. जाडी साधारणपणे 0.2 मिलिमीटरच्या खाली उतरली की त्याला फॉइल म्हणतात. त्याहून जाड असेल तर ‘पत्रा’ उत्तम चालतो. अगदी पातळ फॉइल, म्हणजे 6–7 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एकेकटे लाटले तर फाटण्याची भीती असते, म्हणून शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र लाटून मग वेगळे करतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकींना लागलेल्या बाजू मंद राहतात. पोळ्या गुंडाळताना चकचकीत बाजू आत की बाहेर, या घरोघरीच्या वादाचे मूळ एवढेच आहे.

तेव्हा ‘फॉइल’ हाच रुळलेला शब्द ठेवावा, मात्र त्याला विशेषण जोडावे. गोळ्यांच्या पाकिटामागचे फॉइल बोटाने दाबताच फुटावे म्हणून कडक ठेवतात, तर स्वयंपाकघरातले शेवटी तापवून नरम केलेले असते; ‘कडक फॉइल’ आणि ‘नरम फॉइल’ असे लिहिले की फरक लगेच कळतो.

‘रोलिंग’ला ‘लाटणे’ हे आपले घरचे क्रियापद असताना अनेक भाषांतरांत ‘गुंडाळलेला पत्रा’ असे का लिहितात, हे मात्र मला कळलेले नाही. गुंडाळणे ही लाटून झाल्यानंतर कॉइल करण्याची वेगळी क्रिया आहे, आणि लाटलेला पत्रा सपाट कापूनही विकला जातो.